उत्कीर्ण व्यक्तिचित्रे, बरोक काळातील

तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेखा कोरून व त्यांत शाई भरून कागदावर छापलेली व्यक्तिचित्रे. यूरोपात सु. १६०० ते १७५० या बरोक कालखंडात हा कलाप्रकार परमोत्कर्षास पोहोचला. रंगवलेले व्यक्तिचित्र एकाच वास्तूत, एकाच भिंतीवर राहते. ते पाहण्याची संधी घरधन्याच्या परिवाराला व पाहुण्यांनाच मिळते. ताम्रपटावरून मात्र शेकडो प्रती निघत आणि त्या पुस्तकविक्रेत्यांच्या दुकानांतून, टपालातून व प्रवाशांच्या सामानातून दूरवर जात. ज्यांना प्रत्यक्ष पाहण्याचा योग कधीच येणार नाही, अशा राजांचे, सेनापतींचे, धर्मगुरूंचे, विद्वानांचे व कलावंतांचे चेहरे त्यामुळे सामान्य शिक्षित माणसाच्या परिचयाचे झाले. परिणामी चेहरा ही सार्वजनिक वस्तू बनली आणि तो कसा दिसावा, कोणाचा छापावा व कोणाचा छापू नये, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा नवाच प्रश्न उपस्थित झाला. चित्रविषय झालेली व्यक्ती, चित्रकार, उत्कीर्णक, प्रकाशक व राज्यसत्ता या सर्वांचा त्यात वाटा होता. या कलेचा बरोक काळातील इतिहास म्हणजे बव्हंशी या प्रश्नाला मिळालेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास होय.

तंत्र : या कामासाठी ठोकून सपाट केलेला व घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला तांब्याचा पत्रा वापरीत. त्यावर मूळ रेखाटनाच्या बाह्यरेषा उतरवून घेतल्यानंतर ब्यूरिन नावाच्या पोलादी कोरणीने कोरण्याचे काम सुरू होई. या कोरणीचे टोक तिरकस कापलेले असून तिची मूठ तळहातात मावते. उत्कीर्णक कोरणी पुढे ढकलतो आणि वक्र रेषेसाठी हात न वळविता वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवितो. कोरणीवरील दाब वाढला, की चर खोल व रुंद होते आणि छापलेली रेषा जाड उमटते. दाब कमी होताच ती निमुळती होत जाते. चरेच्या कडेला उभी राहिलेली धातूची कोर खरवडणीने काढून टाकतात. नंतर पत्रा किंचित तापवून त्यावर दाट शाई चोळतात, पृष्ठभाग कापडाने व शेवटी तळहाताने पुसून घेतात आणि त्यावर ओलसर कागद व लोकरी कापड ठेवून तो दोन रुळांच्या यंत्रातून दाबून काढतात. चरांतील शाई कागदावर उठते व पत्र्याच्या कडांचा दबलेला ठसा कागदावर कायम राहतो.

या पद्धतीत राखाडी रंग असा नसतोच. शाई काळी, कागद पांढरा. त्वचेचा मऊपणा, डोळ्यांतील चमक, मखमलीची घडी किंवा चिलखतावरील प्रकाश ही सर्व रेषांची जाडी, अंतर, दिशा व छेद यांतूनच सुचवावी लागतात. म्हणून रंगचित्रावरून केलेले उत्कीर्णन ही केवळ नक्कल नसून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केलेल्या रूपांतरासारखी कृती असते. छापताना चित्राची डावी-उजवी बाजू उलटत असल्याने पत्र्यावर सर्वच गोष्टी उलट कोराव्या लागत. अन्यथा तलवार उजव्या कमरेला व लेखणी डाव्या हाती जाई. एका चांगल्या व्यक्तिचित्राला कित्येक आठवडे, क्वचित त्याहून पुष्कळ अधिक काळ लागे. तांबे मऊ असल्याने पत्रा झिजत जाई. आरंभीच्या काही शेकडा प्रती सतेज निघत, पुढे रेषा पुसट होऊन त्या पुन्हा कोराव्या लागत. पत्र्यात वेळोवेळी केलेल्या बदलांनुसार ज्या भिन्न प्रती निघतात, त्यांना त्या चित्राच्या ‘अवस्था’ म्हणतात.

अम्लरेखन ही याच्याशी संलग्न पद्धती. तीत पत्र्यावर मेणयुक्त थर देऊन त्यावर सुईने रेखाटतात व उघड्या पडलेल्या धातूवर अम्लाची क्रिया घडवून आणतात. येथे हात कागदावरच्याइतकाच मोकळेपणाने चालतो. झाक कालो (१५९२–१६३५) या फ्रेंच कलावंताने कठीण रोगणाचा थर व तिरकस टोकाची विशिष्ट सुई वापरून अम्लरेखनातही कोरणीच्या फुगीर-निमुळत्या रेषेचा आभास निर्माण केला. ही तंत्रे आब्राआम बॉस याने १६४५ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रथमच पद्धतशीरपणे विशद केली. अनेक उत्कीर्णक पार्श्वभूमी व वस्त्रे अम्लरेखनाने सिद्ध करून चेहरा कोरणीने पूर्ण करीत.

रचना व मजकूर : या व्यक्तिचित्रांचा एक ठरीव साचा होता. छातीपर्यंतची आकृती, तिच्याभोवती दगडी वाटावी अशी लंबवर्तुळाकार चौकट, चौकटीवर नाव व पदव्या, खाली चौथरा आणि त्यावर कुलचिन्ह किंवा स्तुतिपर लॅटिन पद्य, असे त्याचे स्वरूप असे. तळाशी बारीक अक्षरांत संबंधितांची नावे कोरलेली असत. नावापुढे ‘पिंक्सिट’ असल्यास तो मूळ चित्रकार, ‘स्कल्प्सिट’ असल्यास उत्कीर्णक आणि ‘एक्सकूडिट’ असल्यास प्रकाशक समजावा. ‘आड व्हीव्हुम’ या शब्दांनी चित्र प्रत्यक्ष व्यक्तीला समोर बसवून काढल्याची ग्वाही दिली जाई, तर ‘कुम प्रिव्हिलेजिओ रेजिस’ या शब्दांनी ते राजाच्या परवान्याने प्रसिद्ध झाल्याचे व त्याची नक्कल करण्यास मनाई असल्याचे सूचित होई. कलावंताचे श्रेय, व्यापारी हक्क व राजसत्तेची अनुमती ही तिन्ही अशा रीतीने चेहऱ्याखालील एका ओळीत एकत्र येत.

पूर्वपीठिका : जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याने पिर्कहायमर (१५२४) व इरॅस्मस (१५२६) यांची उत्कीर्ण व्यक्तिचित्रे करून या प्रकाराची प्रतिष्ठा वाढविली होती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोर्नेलिस कॉर्ट व त्यानंतर हार्लेम येथील हेंड्रिक गोल्ट्सियस (१५५८–१६१७) यांनी फुगत व निमुळती होत जाणारी लयबद्ध रेषा पूर्णत्वास नेली. बालपणी भाजल्यामुळे गोल्ट्सियसचा उजवा हात आखडलेला होता. तरीही त्याच्या कोरणीवरील प्रभुत्वाला यूरोपात तोड नव्हती. प्रकाश व घनता यांचा आभास केवळ रेषेतून निर्माण करण्याचे हे तंत्र बरोक उत्कीर्णकांना वारशाने मिळाले.

फ्लँडर्स : अँटवर्प येथे पीटर पॉल रूबेन्स (१५७७–१६४०) याने स्वतःच्या चित्रांवरून मुद्राचित्रे करून घेण्यासाठी उत्कीर्णकांचा एक वर्गच तयार केला आणि १६१९-२० च्या सुमारास फ्रान्स, ब्राबांट व डच प्रजासत्ताक यांच्याकडून नकलांविरुद्ध परवाने मिळविले. त्याच्या उत्कीर्णकांतील सर्वांत कुशल लूकास व्हॉर्स्टरमान (१५९५–१६७५) याचा मात्र थोड्याच वर्षांत त्याच्याशी तीव्र बेबनाव झाला. चित्राचे मोल मूळ कल्पनेत आहे की ती रेषांत उतरविणाऱ्या दीर्घ परिश्रमांत, हा वाद त्याच्या मुळाशी होता. व्हॉर्स्टरमान पुढे इंग्लंडला गेला आणि त्याची जागा पाउलुस पाँटियस (१६०३–५८) याने घेतली.

अँथोनी व्हॅन डाइक (१५९९–१६४१) याने १६३० च्या सुमारास हाती घेतलेली *आयकोनोग्राफी* ही व्यक्तिचित्रमालिका या कलेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय. मार्टिन व्हान डेन एंडन या प्रकाशकाने काढलेल्या मालिकेत ८० चित्रे होती. त्यांत राजे व सेनापती यांची १६, मुत्सद्दी व विद्वान यांची १२ आणि कलावंत व कलासंग्राहक यांची तब्बल ५२ चित्रे होती. हे प्रमाणच बोलके आहे. ज्यांना तोपर्यंत हातकामगारांत गणले जाई, ते चित्रकार व उत्कीर्णक येथे राजांच्या शेजारी, त्यांच्याच डौलात उभे आहेत. बहुतेक पत्रे पाँटियस, व्हॉर्स्टरमान, स्केल्ट आ बॉल्सवर्ट प्रभृतींनी व्हॅन डाइकच्या रेखाटनांवरून कोरले. थोडे त्याने स्वतः अम्लरेखनाने केले. या स्वहस्ते केलेल्या चित्रांत डोके पूर्णपणे साकारलेले असून धड मोजक्या रेषांत सूचित केले आहे. व्हॅन डाइकच्या मृत्यूनंतर खीलिस हेंड्रिक्स या प्रकाशकाने १६४५ मध्ये १०० चित्रांची आवृत्ती काढली. तिच्या मुखपृष्ठासाठी व्हॅन डाइकच्या अपूर्ण स्वप्रतिमेखाली याकोप नेफ्स याने अर्धपुतळा व चौथरा कोरून जोडला. मोकळ्या कागदावर तरंगणारे ते सजीव मस्तक अशा रीतीने स्मारकात बंदिस्त झाले. पहिल्या अवस्थेच्या प्रतींना रसिकांत जे असाधारण मोल आहे, त्याचे कारण हेच.

डच प्रजासत्ताक : येथे दरबाराचा प्रभाव कमी व नागरी समाजाचा अधिक असल्याने धर्मोपदेशक, प्राध्यापक, कवी व व्यापारी यांच्या व्यक्तिचित्रांना मागणी होती. योनास स्यूडरहूफ याने फ्रान्स हाल्सच्या चित्रावरून केलेले देकार्तचे व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. रेम्ब्रँट (१६०६–६९) याने अम्लरेखन, शुष्करेखन व कोरणी यांचा संयोग साधून व्यक्तिचित्राला अंतर्मुख वळण दिले. खिडकीला टेकून वाचनात गढलेला यान सिक्स (१६४७), सोनार यान लुटमा (१६५६) ही त्याची ठळक उदाहरणे होत. धर्मोपदेशक यान सिल्व्हियस याचे चित्र रेम्ब्रँटने त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १६४६ मध्ये केले. त्यात लंबवर्तुळाकार चौकटीतून हात बाहेर आला असून त्याची छाया चौकटीवर पडली आहे. मृत उपदेशक जणू कागदाची मर्यादा ओलांडून श्रोत्यांशी बोलत आहे. ठरीव चौकटीलाच अर्थवाहक बनविण्याचे हे सामर्थ्य अपवादात्मक होते.

फ्रान्स : या कलेचे सर्वांत मोठे केंद्र पॅरिस हे होय. क्लोद मेलां (१५९८–१६८८) याने रोममधील वास्तव्यात एकमेकींना न छेदणाऱ्या समांतर रेषांची शैली सिद्ध केली. छायेसाठी तो दुसरी रेषा न घेता तीच रेषा जाड करीत असे. येशूच्या मुखवस्त्राचे त्याचे १६४९ चे चित्र नाकाच्या शेंड्यापासून निघून वलये घेत जाणाऱ्या एकाच अखंड रेषेने बनलेले आहे. या तंत्रकौशल्याइतकीच त्याची संयत व्यक्तिचित्रेही महत्त्वाची आहेत. पेरेस्क या विद्वानाचे चित्र (१६३७) त्यांपैकी एक. झां मोरँ याने अम्लरेखित ठिपके व कोरीव रेषा यांच्या मिश्रणाने फिलीप द शांपेन्यच्या चित्रांतील गंभीर छायाप्रकाश मुद्राचित्रात आणला.

रॉबेअर नांतय (सु. १६२३–७८) हा या परंपरेतील सर्वश्रेष्ठ कलावंत मानला जातो. रीम्स येथे जन्मलेल्या नांतयने तेथेच शिक्षण घेतले आणि १६४५ मध्ये विद्यापीठातील स्वतःच्या प्रबंधासाठीचे चित्र स्वतःच कोरले, असे सांगतात. त्यानंतर तो पॅरिसला आला व १६५८ मध्ये राजाचा रेखाटनकार व उत्कीर्णक म्हणून त्याची नियुक्ती झाली. त्याने सु. २२० व्यक्तिचित्रे कोरली. पोंपोन द बेल्येव्हर या न्यायाधीशाचे शार्ल लब्रँच्या चित्रावरून केलेले व्यक्तिचित्र (१६५७) ही त्याची गाजलेली कृती. परंतु इतरांच्या रंगचित्रांवर अवलंबून न राहता तो बहुधा व्यक्तीला समोर बसवून खडूने किंवा पेस्टलने स्वतः रेखाटन करी व त्यावरून कोरीत असे. फ्लॉरेन्सहून आलेला त्याचा शिष्य दोमेनीको तेंपेस्ती याने गुरूची कार्यपद्धती व उपदेश नोंदवून ठेवला आहे. साधारणतः तीन बैठकांत रेखाटन पूर्ण होई आणि त्या वेळी व्यक्तीला बोलते ठेवून तिचा स्वाभाविक भाव टिपण्यावर नांतयचा कटाक्ष असे. चेहऱ्यावर तो अत्यंत बारीक, तुटक रेषा व ठिपके योजी. वस्त्रांसाठी लांब, वळणदार रेषा आणि पार्श्वभूमीसाठी छेदरेषांचे एकसारखे जाळे. चौकट, वस्त्रे अशी कामे सहायकांकडे सोपविली, तरी मुख तो स्वतःच कोरी. कार्डिनल माझारँ व चौदावा लूई यांची त्याने प्रत्येकी दहाहून अधिक व्यक्तिचित्रे केली. राजाचे एक चित्र १६६४ चे आहे. ही चित्रे कालक्रमाने मांडली असता तरुण राजाचा चेहरा हळूहळू भरत, कठोर होत गेलेला दिसतो. दरबारी कलेत वयाची अशी प्रामाणिक नोंद विरळाच आढळते.

सेंट-झां-द-ल्यूझचा फतवा : सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये उत्कीर्णनाला इतर हस्तव्यवसायांप्रमाणे कारागीर-श्रेणीच्या नियमांखाली आणण्याचा प्रयत्न झाला. तसे होते, तर उत्कीर्णकांची संख्या मर्यादित झाली असती, उमेदवारी व श्रेणीप्रवेश यांची बंधने लागू झाली असती आणि परदेशातून येणाऱ्या कलावंतांचा मार्ग खुंटला असता. उत्कीर्णकांनी याला विरोध केला. विवाहानिमित्त सेंट-झां-द-ल्यूझ येथे असताना चौदाव्या लूईने २६ मे १६६० रोजी काढलेल्या फतव्याने उत्कीर्णन ही मुक्त कला असल्याचे जाहीर करण्यात आले. ही कला कलावंताच्या कल्पनाशक्तीवर अवलंबून असल्याने तिला त्याच्या प्रतिभेखेरीज दुसरा नियम लावता येत नाही, असे तत्त्व त्यात मान्य झाले. या निर्णयामागे नांतयचे वजन होते, असे परंपरा मानते. १६६३ पासून राजकीय चित्र-शिल्प अकादमीत उत्कीर्णकांना प्रवेश मिळू लागला आणि पुढे अकादमीच्या सदस्यांची व्यक्तिचित्रे कोरून प्रवेशकृती म्हणून सादर करण्याची प्रथा पडली. फतव्याने मिळालेले हे स्वातंत्र्य अर्थातच व्यवसायापुरते होते. काय छापावे यावरील राज्याचे नियंत्रण त्यामुळे सैल झाले नाही.

फतव्याचा लाभ परदेशी कलावंतांना झाला. अँटवर्पचा झेरार एदेलिंक (१६४०–१७०७) १६६६ मध्ये पॅरिसला आला व नांतयनंतर अग्रगण्य ठरला. फिलीप द शांपेन्य याच्या स्वप्रतिमेवरून केलेले व्यक्तिचित्र (१६७६) हे त्याची सर्वोत्तम कृती समजले जाते. आंत्वान मासाँ (१६३६–१७००) याने ब्रिझासिये याच्या चित्रात (१६६४) पिकल्या केसांचा पोत इतक्या बारकाईने दाखविला, की ते चित्र ‘करड्या केसांचा माणूस’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकारंभी ईआसांत रिगो या व्यक्तिचित्रकाराच्या भपकेदार शैलीला प्येअर द्रव्हे (१६६३–१७३८) व त्याचा मुलगा प्येअर-अँबेअर द्रव्हे (१६९७–१७३९) यांनी ताम्रपटावर उतरविले. धाकट्या द्रव्हेचे धर्माधिकारी बॉस्यूए याचे चित्र (१७२३) लोकरी कातडे, जाळीदार वस्त्र, संगमरवर व कागद यांच्या भिन्न पोतांच्या चित्रणाबद्दल विख्यात आहे. तथापि तंत्राच्या या परमावधीत चेहऱ्यापेक्षा वस्त्रालंकारांना अधिक जागा मिळू लागली, असा आक्षेपही घेता येतो.

इंग्लंड : शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहातील मार्टिन ड्रोशाउट याचे उत्कीर्ण चित्र कलादृष्ट्या सामान्य आहे, परंतु नाटककाराच्या परिचितांच्या देखरेखीखाली प्रसिद्ध झाल्याने त्याच्या चेहऱ्याविषयीचा तो एक मुख्य आधार ठरतो. कवी मिल्टनला आपल्या १६४५ च्या काव्यसंग्रहासाठी विल्यम मार्शल याने केलेले चित्र मुळीच पसंत पडले नाही. त्याने चित्राखाली कोरण्यासाठी ग्रीक ओळी लिहून दिल्या आणि ग्रीक न जाणणाऱ्या मार्शलने आपल्याच कामाची थट्टा इमानेइतबारे कोरून ठेवली. पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदानंतर १६४९ मध्ये निघालेल्या *आयकॉन बॅसिलिके* या ग्रंथासाठी याच मार्शलने काट्यांचा मुकुट हाती घेऊन प्रार्थना करणारा राजा कोरला. वर्षभरात तीसहून अधिक आवृत्त्या निघालेल्या या ग्रंथाने व त्यातील चित्राने पराभूत राजाला हुतात्मा बनविले. विल्यम फेथॉर्न हा राजपक्षाकडून लढला, कैद झाला व हद्दपारीत पॅरिसला राहून तेथील शैली शिकला. त्याने १६७० मध्ये केलेले वयोवृद्ध मिल्टनचे व्यक्तिचित्र इंग्रजी उत्कीर्णनातील उत्कृष्ट काम होय. राजपक्षाच्या माणसाने प्रजासत्ताकवादी कवीचा चेहरा आदराने जतन केला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

उपयोग व नियंत्रण : ग्रंथाच्या आरंभी लेखकाचे चित्र, विद्यापीठीय प्रबंधाच्या मोठ्या छापील पत्रकावर आश्रयदात्याचे चित्र, मृत व्यक्तीचे स्मरणचित्र, तहाच्या प्रसंगी वकिलांची चित्रे आणि संग्राहकांसाठी थोर पुरुषांच्या मालिका अशा विविध कारणांनी ही चित्रे काढली जात. शार्ल पेरो याने मिशेल बेगाँ या संग्राहकाच्या साहाय्याने १६९६ व १७०० मध्ये फ्रान्समधील शतकभरातील थोर पुरुषांची चरित्रे दोन खंडांत सचित्र प्रसिद्ध केली. पहिल्या खंडातील आंत्वान आर्नो व ब्लेझ पास्काल हे दोघे जँसेनिस्ट पंथाचे असल्याने जेझुइटांच्या दडपणामुळे त्यांची चरित्रे व चित्रे वगळावी लागली आणि त्यांच्या जागी तोमासँ व द्यू कांज यांची घालण्यात आली. एदेलिंकने कोरलेला पास्कालचा पत्रा मात्र नष्ट झाला नाही. काही प्रतींत ही चित्रे पुन्हा आली आणि बंदीमुळे ती अधिकच शोधली जाऊ लागली. याच ग्रंथात सेनापती व मंत्री यांच्या बरोबरीने कालो व नांतय या उत्कीर्णकांनाही स्थान मिळाले, हे १६६० च्या फतव्याचे फलित म्हणता येईल.

विश्वसनीयता : छायाचित्रणापूर्वीच्या व्यक्तींच्या रूपाविषयी ही चित्रे महत्त्वाचे साधन असली, तरी ती पारखून घ्यावी लागतात. ताम्रपट ही खर्चिक वस्तू असल्याने प्रकाशक जुने पत्रे पुन्हा वापरीत. नको असलेला भाग घासून व पाठीमागून ठोकून सपाट केला, की तेथे नवा चेहरा कोरता येई. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे प्येअर लोंबार याने व्हॅन डाइकच्या चित्राच्या आधारे १६५५ च्या सुमारास केलेले अश्वारूढ व्यक्तिचित्र. घोडा, चिलखत व सेवक तेच ठेवून त्याच्या निरनिराळ्या अवस्थांत क्रॉमवेल, चौदावा लूई व पहिला चार्ल्स यांची मस्तके बसविलेली आढळतात. मधल्या एका अवस्थेत स्वाराला मस्तकच नसल्याने हे चित्र ‘बिनशिराचा घोडेस्वार’ म्हणून ओळखले जाते. राजा व त्याला वधस्तंभावर पाठविणारा यांना एकाच घोड्यावर बसविणारा हा पत्रा प्रकाशकाच्या व्यवहारदृष्टीचा उत्तम दाखला होय. म्हणून अभ्यासकाने चित्र समकालीन आहे काय, ते ‘आड व्हीव्हुम’ आहे की दुसऱ्या चित्रावरून केलेले आहे, आणि समोरची प्रत कोणत्या अवस्थेतील आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

भारतीय व्यक्तींची यूरोपीय ग्रंथांतील उत्कीर्ण चित्रेही याच दृष्टीने पाहावी लागतात. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील धर्मोपदेशक फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन (१६६६–१७२७) याच्या १७२४–२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात छत्रपती शिवाजी महाराजांचे उत्कीर्ण व्यक्तिचित्र आहे. भारतातून यूरोपात गेलेल्या लघुचित्रांच्या आधारे अशी चित्रे कोरली जात. लघुचित्रातील सपाट रंग व नाजूक बाह्यरेषा यांचे यूरोपीय छायाप्रकाशाच्या रेषांत रूपांतर होताना चेहऱ्याची ठेवण, वस्त्रांच्या घड्या व अलंकार यांत फरक पडणे अटळ होते. चित्राचे ऐतिहासिक मोल त्यामुळे नाहीसे होत नाही. मात्र मूळ लघुचित्र व ताम्रपट यांमधील अंतर ध्यानात ठेवूनच त्याचा उपयोग करावा लागतो.

उत्तरकाल : लूटव्हिख फोन झीगन याने १६४२ मध्ये हेसे-कासेलच्या आमालिए एलिझाबेट हिचे व्यक्तिचित्र मेझोटिंट या नव्या पद्धतीने प्रसिद्ध केले. तीत संपूर्ण पत्रा दातेरी हत्याराने खरखरीत करून व नंतर प्रकाशाचे भाग घासून गुळगुळीत करून रेषेविना मऊ छटा मिळवितात. प्रिन्स रूपर्टने ती इंग्लंडमध्ये नेली आणि तेथे गॉडफ्री नेलरच्या चित्रांवरून जॉन स्मिथ (१६५२–१७४३) याने केलेल्या मुद्राचित्रांनी ती लोकप्रिय झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स ग्रेंजर याच्या इंग्लंडच्या चरित्रात्मक इतिहासाने (१७६९) व्यक्तिचित्रे जमविण्याचे वेड पसरविले. पुस्तकात चिकटविण्यासाठी लोक जुन्या ग्रंथांतील चित्रे सर्रास कापून घेऊ लागले व असंख्य ग्रंथ मुखचित्रांना मुकले. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रणाने व्यक्तिचित्राचे दैनंदिन काम आपल्याकडे घेतले आणि कोरीव व्यक्तिचित्राचा व्यवसाय संपुष्टात आला.

संग्रह : मिशेल द मारॉल याने जमविलेली सु. १,२०,००० मुद्राचित्रे १६६७ मध्ये चौदाव्या लूईसाठी विकत घेण्यात आली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील मुद्राचित्र विभागाचा पाया त्या संग्रहाने घातला. व्हॅन डाइकच्या *आयकोनोग्राफी*चे अनेक मूळ ताम्रपट लूव्हरच्या ताम्रपट-संग्रहात आहेत. लंडन येथील ब्रिटिश म्यूझीयम व नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी यांतही मोठे संग्रह आहेत.

बरोक उत्कीर्णकांनी ज्यांचे चेहरे कोरले त्यांपैकी बहुतेकांची सत्ता, पदव्या व आश्रय यांचे महत्त्व काळाबरोबर सरले. नांतयने कोरलेले अनेक न्यायाधीश व धर्माधिकारी आज केवळ त्या चित्रांमुळेच आठवले जातात. कीर्ती देणारा आश्रयदाता व ती घेणारा कारागीर हे नाते येथे उलटे झालेले दिसते. उत्कीर्णनाला मुक्त कला म्हणवून घेण्याचा जो आग्रह सतराव्या शतकात धरला गेला, त्याचे समर्थन फतव्यातील शब्दांपेक्षा या वस्तुस्थितीतच अधिक आहे.